रळियातबेनचा उपास

मोटी खारडीच्या कन्या छात्रालयात पोरींनी नियम मोडला की उपास गृहमातेला घडायचा. पोरी दोन्ही वेळा पोटभर जेवायच्या, वर ताक ओरपायच्या, आणि गृहमाता रळियातबेन दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत नुसत्या पाण्यावर.

हा कायदा हरजीवनकाकांचा. जिथं बाभूळसुद्धा चार वेळा विचार करून उगवते, अशा खाऱ्या जमिनीवर काकांनी कोळ्यांच्या, मेंढ्या राखणाऱ्या भरवाडांच्या, मिठागरावरच्या अगरियांच्या पोरींसाठी छात्रालय काढलं, त्याबद्दल त्यांना हात जोडावेत. पण काका म्हणजे झाडावरच वाळलेली शेवग्याची शेंग. कडकडून भूक कशी लागते हे त्यांना जन्मात कळलं नाही. चार खजूर आणि लिंबूपाणी यांवर ते तीन गावं पायी फिरून येत. मूल चुकतं ते सांभाळणाऱ्याचं मन मळलेलं असतं म्हणून, तेव्हा प्रायश्चित्त सांभाळणाऱ्यानं घ्यावं, असा त्यांचा सिद्धांत. सिद्धांत झकास. फक्त ज्याला भूक लागत नाही त्यानं उपासाचा नियम केला आणि तो पाळायला नेमलं रळियातबेनला. जगातले पुष्कळ नियम असेच झाले आहेत.

रळियातबेन कुंभाराची लेक. नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी भांड्यांसकट बाहेर काढलं, तेव्हा ती छात्रालयाच्या स्वयंपाकघरात रोटले थापायला आली. शिक्षण सातवी. पण तिचा आवाज असा, की तिनं चुलीजवळून "अगं ए" म्हटलं की बस स्टँडवरच्या म्हशी माना वर करत. पोरी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, हिचं ऐकतात, हे काकांनी हेरलं आणि तिला गृहमाता करून टाकलं. अंगानं ती रांजणासारखी, आणि खाण्यावर तिचा जीव. बाजरीचा रोटला, त्यावर लोण्याचा गोळा, शेजारी लसणाची लालभडक चटणी, असं ताट समोर आलं की ती आधी क्षणभर डोळे मिटायची. लोकांना वाटे देवाचं नाव घेते. ती वास घेत असायची.

पहिला उपास तिनं अगदी खरा केला. दोन पोरी गावात भवाईच्या नाटकाचा खेळ बघायला पळाल्या होत्या. सकाळ कशीबशी निघाली, दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि संध्याकाळी भजन चालू असताना रळियातबेन आडवी झाली ती थेट हार्मोनियमवर. हार्मोनियमनं एकच लांब सूर काढला. काकांचे डोळे भरून आले. "केवढी ही तळमळ," ते म्हणाले. ती तळमळ नव्हती, ते पोट होतं. पण हे काकांना सांगणार कोण?

दुसऱ्या उपासाला तिनं शहाणपण केलं. दुपारी सगळं आवार झोपलं की कोठाराचं कुलूप काढायचं, दार आतून ओढून घ्यायचं, आणि पाहुण्यांसाठी म्हणून करून ठेवलेल्या सुखडीच्या डब्याचं झाकण उघडायचं. तुपात भाजलेली कणीक, गूळ, वर वेलची. चार वड्या पोटात गेल्या की माणूस माणसात. त्या संध्याकाळी प्रार्थनेत तिचा चेहरा इतका शांत दिसला की काका म्हणाले, उपासानं चित्त कसं निवळतं ते बघा. रळियातबेननं मान खाली घातली. लाजेनं घातली, पण नम्रतेनं घातली असं दिसलं. तिथून पुढे वर्षानुवर्षं असंच चाललं.

आता उपास ठरायचा कसा, ते सांगायला हवं. दिवे लागले की लिंबाखाली प्रार्थना. भजन संपलं की सगळ्या डोळे मिटून बसत आणि जिच्या हातून काही चूक झाली असेल तिनं आपणहून उठून सांगायचं. एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही, हा पक्का दंडक. नळ उघडा राहिला, सूत कातताना गप्पा मारल्या, असल्या किरकोळीला "बरं, बस खाली" एवढंच. पण काही फोडलं, चोरलं, न विचारता कुंपणाबाहेर गेली, की दुसऱ्या दिवशी गृहमातेचं ताट पालथं. पोरीला शिक्षा काही नाही. कबूल केलेल्या चुकीला शिक्षा असते, हे त्या आवारात जन्मलेल्या मांजरीलाही ठाऊक नव्हतं.

काका समजत, गृहमातेच्या आत्म्याला क्लेश होतील म्हणून पोरी नीट वागतात. पोरी भीत होत्या हे खरं, पण आत्म्याला नव्हे. उपासाच्या सकाळी, म्हणजे सुखडीच्या आधी, रळियातबेन म्हणजे वासरू हरवलेली म्हैस. एरवी न दिसणारी भांड्याची राख तिला दिसायची, वेणीतली ढील दिसायची, मागच्या पावसाळ्यात कोण काय म्हणालं होतं ते आठवायचं. त्यामुळे शहाण्या पोरी मोठी चूक कबूल करायला वार बघून उठत. उद्या दुधीची भाजी असेल तर आज खुशाल उठावं. दुधी चुकल्याचं रळियातबेनला विशेष दुःख नसे. वांग्याच्या भरिताच्या आदल्या रात्री मात्र सगळं छात्रालय निष्पाप.

काका गेले. उपास राहिला, कारण तोवर उपासाची कीर्ती झाली होती. भावनगरहून, सुरतेहून शेठ लोक मोटारी घेऊन येत, प्रार्थनेला बसत, पोरींच्या कबुल्या ऐकत आणि उपाशी गृहमातेचं दर्शन घेऊन रुमाल ओले करून जात. ओल्या रुमालामागून देणगी. पोरी काही दगड नव्हत्या. पाहुणे काय ऐकायला आलेत ते त्यांना कळायचं. घरी पाहुणे आले की आपण बरं लुगडं नेसतो, तशी त्या बरी चूक सांगत. नळ उघडा राहिला यावर कोण शेठ रडेल?

यात झमकूचा हात धरणारी कोणी नव्हती. मिठागरावरच्या वशरामची ही धाकटी, अकरावीला होती. काडीसारखी बारीक, डोळे टपोरे, गळ्यात उपजत हुंदका. पाहुण्यांपुढे ती उठली की आधी थोडा वेळ नुसती उभी राहायची, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, आणि मग तिनं कधी न केलेलं एखादं पाप असं सांगायची की करणारीलासुद्धा तसं सांगता आलं नसतं. पूर्वेकडच्या खोल्यांचं छप्पर झमकूच्या रडण्यावर उभं होतं. तिनं रचून सांगितलेल्या पापाचाही उपास रळियातबेनला घडायचा, पण छपरापुढे एक दिवस काय मोठा, असं म्हणून ती चालवून घ्यायची.

शिवाय झमकूशी तिचं वेगळं साटंलोटं होतं. एका उपासाच्या दुपारी झमकू तेल मागायला कोठारात शिरली आणि रळियातबेन तिला तोंडात वडी, हातात वडी अशी सापडली. झमकू मागे सरली. बाहेर गेली, दार ओढलं आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. तेव्हापासून ती नेमणूक कायम. दोघींनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. हे गुपित राखायला पोरगी पक्की, आणि दुसरीकडे पाहुण्यांपुढे वाटेल ते ओकायला तयार, याचा रळियातबेनला अचंबा वाटायचा.

अशात संस्थेला नवे चिटणीस आले: कीर्तिकांतभाई. काकांचे पुतणे, राजकोटला सरकारी कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेले. माणूस लबाड नाही, पैशाला हात लावणार नाही, फक्त कागदावर नसलेली गोष्ट जगात आहे हे त्यांना पटत नसे. पोरी नियम मोडतात आणि गृहमाता उपाशी राहते, हे ऐकून त्यांनी विचारलं म्हणे, की याला आधार काय. आधार नव्हता. मग त्यांनी करून आणला: पांढऱ्या रंगाची पाटी, डावीकडे गुन्हा, उजवीकडे शिक्षा. विनापरवानगी आवाराबाहेर जाणे, त्याच्यासमोर: नाव कमी करून पालकांच्या ताब्यात देणे.

ते आले त्याच्या आदल्या संध्याकाळी पाचवीतल्या रेवानं पाण्याचा मोठा माठ फोडल्याचं कबूल केलं होतं. म्हणजे रळियातबेनचा उपास चालू. चिटणीस दुपारी पाटी घेऊन उतरले आणि हातपाय धुऊन उपाशी गृहमातेला भेटायला तिच्या खोलीवर गेले. खोलीला कुलूप. मंछामा, म्हणजे स्वयंपाकीण, हिला सगळं ठाऊक. तिनं सांगितलं, बेन मौनात आहेत. कुठं, असं त्यांनी विचारलं. मंछामा म्हणाली, मौनातली माणसं कुठं जातात ते सांगून जात नाहीत. मौन कोठारात बसून तिसऱ्या वडीला लागलं होतं, आणि झमकू दाराशी उभी राहून नखानं भिंतीचा चुना खरवडत होती.

संध्याकाळी सुरतेचे एक शेठ बायकोसह आले. प्रार्थनेआधी कीर्तिकांतभाईंनी नवी पाटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. पोरींनी ती पाहुण्यांचं भाषण ऐकतात तशी ऐकली, म्हणजे डोळे उघडे आणि कान बंद. मग भजन. मग कबुल्या. एकीनं झाडू जागेवर ठेवला नव्हता. एकीला प्रार्थनेत डुलकी लागली होती. शेठाणीनं जांभई दिली. रळियातबेननं झमकूकडे पाहिलं नाही, पण झमकू समजली आणि उठली.

उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आणि सांगितलं, की आज दुपारी, बेन आमच्यासाठी उपाशी असताना, मी मागचं कुंपण ओलांडून बस स्टँडवर गेले आणि बर्फाचा गोळा खाल्ला. तो लाल गोळा तिनं असा वर्णन केला, त्याचा गारवा दातांना कसा झोंबला आणि प्रत्येक घोटाला बेनचा सुकलेला चेहरा कसा समोर आला, की शेठाणीनं पदर डोळ्यांना लावला. त्याच वेळी रळियातबेनला सुखडीचा बारीकसा ढेकर आला. तिनं तो हात तोंडावर नेऊन दाबला. शेठना वाटलं, हुंदका.

सगळं नेहमीप्रमाणे झालं. फक्त कीर्तिकांतभाई उठले, चष्मा पुसला, आणि म्हणाले की नवा नियम आजच लागू झाला आहे, मुलीनं गुन्हा स्वतःच्या तोंडानं मान्य केला आहे, तेव्हा साक्षीपुराव्याचीही गरज नाही. तिच्या वडिलांना निरोप जाईल. उद्या संध्याकाळी ते येतील, परवा सकाळच्या बसनं ती घरी.

पोरींना आधी कळलंच नाही. कबूल केल्यावर "बस खाली" म्हणतात. हे म्हणत होते, जा. झमकू उभीच राहिली. तिच्या घशातून पहिल्यांदाच हुंदका काही केल्या निघाला नाही.

घरी म्हणजे काय, हे रळियातबेनला पाटी न वाचता कळत होतं. नवरात्र सरलं होतं, दिवाळीनंतर मिठाचा हंगाम. झमकूची थोरली बहीण, दिवाळी नावाची, अशीच एका हंगामापुरती शाळेतून नेली ती कायमची फावड्याला लागली. झमकूला बारावी करून शिक्षिकेचा अभ्यास करायचा होता. आणि पोरगी रचण्यात इतकी हुशार, पण स्वतःसाठी एक बरं खोटं तिला सुचत नव्हतं.

सकाळी रळियातबेन कीर्तिकांतभाईंकडे गेली. आज तिचा दुसरा उपास होता, झमकूच्या गोळ्याचा, त्यामुळे आवाजाला धार होती. ती म्यान करून तिनं सांगून पाहिलं की पोरगी कुठं गेलीच नव्हती, पाहुण्यांपुढे पोरी थोडं वाढवून सांगतात.

"वाढवून म्हणजे?" कीर्तिकांतभाईंनी विचारलं. "गोळा लहान होता?"

"गोळाच नव्हता."

"मग ती दुपारी कुठं होती?"

"माझ्याबरोबर होती. आम्ही... बाजरी निवडत होतो."

"रळियातबेन, तुम्ही मौनात होता ना?"

बाजरी निवडता निवडता मौन पाळता येतं, असं ती म्हणून गेली. पण पुढचा प्रश्न, कुठं, हा येण्याआधीच ती उठून निघाली. बाहेर आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. चार हात अंतरावर खरं पडलेलं होतं आणि ती त्याला वळसा घालून घालून दमली होती.

मग झमकूला गाठलं. ती आपली पेटी भरत होती, म्हणजे दोन कपडे एकदा घडी घालत होती आणि परत मोडत होती. रळियातबेन म्हणाली, आज प्रार्थनेत उठ आणि सांग की ते सगळं खोटं होतं, मग मी बघते त्या चष्म्याकडे.

"खोटं बोलले असं सांगू? प्रार्थनेत?" झमकू म्हणाली. "लहान पोरी माझ्याकडून कबुली द्यायला शिकतात, बेन."

"पेटी भरताना चालतो का हा तोरा?"

"आणि सांगितलं, तर ते विचारतील ना, मग तू होतीस कुठं?" झमकूनं घडी परत मोडली. "काय सांगू? भिंतीचा चुना खरवडत होते?"

रळियातबेनला आता कळलं. पोरीला स्वतःसाठी खोटं सुचत नव्हतं असं नाही. तिला खरं सांगायचं नव्हतं.

दुपार झाली, आवार झोपलं. पाय आपोआप कोठाराकडे वळले. कुलूप काढलं, दार ओढलं, डब्याचं झाकण उघडलं. बाहेर पावलं वाजली. फटीतून तिनं पाहिलं तर झमकू. उद्या सकाळी छात्रालयातून जायची पोरगी, पेटी बांधून, नेहमीसारखी दाराकडे पाठ करून उभी. रळियातबेननं वडी तोंडात घातली ती कितीतरी वेळ गालातच राहिली. तुपातली सुखडी, तोंडात विरघळणारी, पण घशाखाली उतरेना. शेवटी तिनं ती हातात काढली, डब्याचं झाकण लावलं, आणि बाहेर येऊन झमकूच्या अंगावर ओरडली, की उन्हात काय उभी राहतेस, डोकं तापेल. मग सबंध दुपार ती दिसेल त्याच्यावर ओरडत होती. मंछामाला वाटलं, डबा रिकामा होता की काय.

संध्याकाळच्या बसनं वशराम आला. उन्हानं काळा ठिक्कर, पाय मिठानं चिरलेले, खांद्यावर गाठोडं. निरोप गेला होता तो असा, की मुलीला घेऊन जा. का, हे निरोप्यानं वाटेत कुठंतरी सांडलं होतं. त्याला वाटलं, शिक्षण पूर्ण झालं. एवढ्या लवकर पोरगी हुशार निघाली याचा त्याला आनंदच झाला होता. कीर्तिकांतभाईंनी त्याला पाटी दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं. तो पाटीला नमस्कार करून प्रार्थनेला मागच्या रांगेत जाऊन बसला.

भजन झालं. डोळे मिटले गेले. कोणी उठेना, कालच्या नंतर कोण उठेल? मागे गोठ्यात गाय रवंथ करते ते ऐकू येत होतं. आणि मग जमिनीला हात टेकून, गुडघे कुरकुरवत, रळियातबेन उठली.

गृहमाता कधी उठत नसे. पोरींचे डोळे एक एक करून उघडले.

"परवा रेवानं माठ फोडला म्हणून काल माझा उपास होता," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच, शेजारच्या रांगेपलीकडे जाईना. मग तिनं घसा खाकरला आणि तो नेहमीसारखा बस स्टँडपर्यंत गेला. "तो उपास मी केला नाही. दुपारी कोठारात बसून सुखडी खाल्ली. कालच नाही. काकांच्या वेळेपासून, पहिला एक सोडला तर प्रत्येक उपासाला. मला भूक सोसत नाही. आणि काल मी खात होते तेव्हा ही झमकू बाहेर पहारा देत होती. ती बस स्टँडवर गेली नाही. गोळा तिनं रचला, तो रचलेला आहे हे मला तिथंच कळत होतं, आणि मी ढेकर गिळून बसले."

कीर्तिकांतभाई अर्धवट उठले. ही बाब कार्यालयात बोलायची आहे, असं ते म्हणाले.

"तिनं प्रार्थनेत सांगितलं, मी प्रार्थनेत सांगते."

"म्हणजे मुलगी प्रार्थनेत खोटं बोलली! देणगीदारांसमोर!"

"बोलली. खोट्यासाठी काढायची असेल तर आधी पूर्वेकडच्या खोल्यांचं छप्पर उतरवा, भाई. तेही तिच्या खोट्यावरच आलंय. आणि मग मला काढा. तुमच्या काकांचा नियम आहे, पोरीची चूक ती सांभाळणाऱ्याची. मी तो नीट पाळला नाही, पण तो मोडीत कोणी काढलाय, असं माझ्या कानावर नाही."

कीर्तिकांतभाईंनी सवयीनं पाटीकडे पाहिलं. डावीकडच्या कुठल्याच ओळीत गृहमातेनं सुखडी खाणे नव्हतं.

पोरींपैकी कोणी हसेना. रळियातबेनला वाटलं होतं, हसतील, आणि ते तिनं सोसायचं ठरवलं होतं. हे मात्र तिनं धरलं नव्हतं. पुढच्या रांगेतून रेवा उठली. परवा माठ फोडणारी, दोन वेण्यांची, नाक ओढणारी.

"मी तर काल जेवले नाही," ती म्हणाली. "माठ मी फोडला आणि तुम्ही उपाशी म्हणून. रोटला ओढणीत लपवून मांजरीला दिला."

तिच्यामागून आणखी एक उठली. तीही तिच्या चुकीच्या दिवशी जेवली नव्हती. मग तिसरी. या कबुल्या आजवर कोणी दिल्या नव्हत्या, कारण न जेवणं ही चूक आहे असं कोणी सांगितलंच नव्हतं. रळियातबेन बघत राहिली. इतकी वर्षं ती कोठारात वड्या मोडत होती आणि बाहेर या चिमण्या तिच्या नावानं उपाशी राहत होत्या. तिनं तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत. तिच्या आयुष्यात असं दोनदाच झालं, आणि पहिल्यांदा हार्मोनियम तरी वाजली होती.

या सगळ्यात मागच्या रांगेतून वशराम उठला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि इतक्या बोलण्यातून ती काही सुटेना.

"बेन," त्यानं अदबीनं विचारलं, "म्हणजे मी दीकरीला न्यायची का नाही?"

"नाही," रळियातबेन म्हणाली.

तिनं कीर्तिकांतभाईंकडे बघितलंही नाही. ते मात्र विचार करत होते, आणि कचेरीत मुरलेल्या माणसाचा विचार वेगानं चालतो. मुलीला घालवायचं तर का, ते लिहावं लागेल. का लिहायचं तर सुखडी लिहावी लागेल. आणि सुखडी कागदावर आली की सुरतेपर्यंत जाईल. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पुराव्याअभावी," ते पुटपुटले, "प्रकरण बंद."

"नाही ना?" वशरामनं खात्री करून घेतली आणि गाठोडं खाली ठेवलं. "मग बेन, ती सुखडी उरलीय का? सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

आता मात्र पोरी हसल्या. आधी मागच्या मोठ्या, मग सगळ्या, रेवासुद्धा नाक ओढत. मंछामानं डबा आणून मधोमध ठेवला. त्या रात्री वशराम जेवला, कीर्तिकांतभाई जेवले, आणि रळियातबेननं पंगतीत मांडी घालून सगळ्यांदेखत रोटल्यावर लोणी ओढून घेतलं. तिनं सांगून टाकलं की आजपासून या आवारात कोणी कुणासाठी उपाशी राहणार नाही. जी नियम मोडेल तिनं माझ्या शेजारी ताट घ्यायचं, मी वाढीन तितकं खायचं, आणि खाताना मी बोलेन ते ऐकायचं. पोरींना वाटलं, सुटलो. रळियातबेनशेजारी एकदा जेवून उठलेल्या पोरी सांगत, की याच्यापेक्षा पाटी परवडली. तिचं वाढणं थांबत नसे आणि बोलणं तर नाहीच.

तिला काढायचं की ठेवायचं, हे संस्थेच्या सभेत पुढं ढकललं गेलं आणि ढकललेलंच राहिलं. त्या पगारात मोटी खारडीला दुसरी कोण येणार होती? देणग्या मात्र घटल्या, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पाहुणे आले की पोरी नळ उघडा राहिल्याचं सांगत आणि शेठ लोक घड्याळ बघत.

झमकू राहिली, पण तिनं आभार मानले असं कोणी समजू नये. ती फुरंगटली. सगळ्या छात्रालयापुढे आपल्याला खोटारडी ठरवलं, आणि तेसुद्धा आपल्याच माणसानं, हे तिला काही केल्या पचेना. रळियातबेन समोरून आली की ती भिंतीकडे तोंड करायची. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली, परत आली, तरी तोंड भिंतीकडेच. शेवटी एका दुपारी रळियातबेननं हुकूम काढला, की गृहमातेशी न बोलणं हा नियमभंग आहे. असा कुठलाच नियम नव्हता. तरी झमकू ताट घेऊन येऊन शेजारी बसली.

भरित होतं. रळियातबेननं एक रोटला वाढला, झमकूनं खाल्ला. दुसरा वाढला, तोही गेला. बारावीला अभ्यास किती करावा, केसांना तेल किती लावावं, दिवाळीच्या पायांना कुठलं मलम चालेल, असं रळियातबेनचं एकटीचंच चाललं होतं. झमकू ताटाकडे बघून जेवत होती. तिसऱ्या रोटल्याला काडीसारख्या पोरीचं पोट तट्ट फुगलं, घास तोंडात फिरू लागला, पण ती नको म्हणेना, कारण नको म्हणायला बोलावं लागलं असतं. रळियातबेननं चौथा उचलला.

"बास ना, बेन," झमकू म्हणाली. "मी काय तुम्ही आहे?"

रळियातबेननं तो रोटला स्वतःच्या ताटात घेतला आणि चटणीची वाटी तिच्याकडे सरकवली.